ब बरणीला हात लावायचा नाही

२ मार्च, रविवार

अंडी सापडली! नऊ! गॅलरीतल्या लिंबाच्या कुंडीत, कोवळ्या पानांवर, एकेका पानावर एकेक. पिवळसर, मोहरीपेक्षाही बारीक. चिमीला दिसली. मी चौदा वर्षं किड्यांच्या धंद्यात, पण मला नाही दिसली, आणि माझ्या नऊ वर्षांच्या पोरीला दिसली! फुलपाखराची आहेत हे मात्र मी सांगितलं, तेवढा मान राखला. सकाळभर आम्ही दोघं भिंग घेऊन कुंडीपुढे मांडी घालून बसलो होतो. आमची ही दारात येऊन म्हणाली, "बापलेकींना पण पाणी घालू का? चहा कधीचा गार झालाय."

चिमीचा हुकूम निघालाय — शास्त्रज्ञ रोजचं रोज लिहून ठेवतात, तेव्हा तिने एक वही करायची आणि मी एक. एकमेकांची वाचायची नाही. मला लिहायची सवय ती कामावरच्या फॉर्मपुरती. किती खोल्या, कुठला किडा, किती लिटर. कंपनीची एक जुनी डायरी माळ्यावर पडली होती, तारखा खोडून तीच घेतली. बघू किती दिवस उत्साह टिकतो. माझा. तिचा टिकणार.

३ मार्च, सोमवार

नऊच आहेत. दोनदा मोजली. कामाला उशीर झाला.

४ मार्च, मंगळवार

शाळेतून चिठ्ठी आली. दर शुक्रवारी "पालकांचा तास" असतो, कुणाची तरी आई नाहीतर वडील वर्गात येऊन आपल्या कामाबद्दल सांगतात. आमची पाळी ११ एप्रिल. त्यानंतरच्या मंगळवारी निरीक्षणाची वही पालकांच्या सहीसकट द्यायची. इथवर ठीक. पण खाली बाईंनी पेनाने लिहिलंय — "आपण घरोघरचे किडे पकडून रानात नेऊन सोडता असं आपल्या मुलीने वर्गात सांगितलं. मुलं फार उत्सुक आहेत."

वाचलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

थाप माझीच आहे. चिमी चार वर्षांची होती. स्वयंपाकघरात एक झुरळ उताणं पडून पाय झाडत होतं. तिने विचारलं, "बाबा, कामावर तू यांना काय करतोस?" मी म्हणालो, गोळा करतो, डब्यात भरतो, लांब रानात नेऊन सोडतो. ती इतकी खूश झाली की मी डब्याचा रंगही सांगून टाकला. हिरवा. झाकणाला भोकं, त्यांना श्वास घेता यावा म्हणून! पाच वर्षं झाली. डबा अजून हिरवाच आहे.

खरं काय ते इथे लिहायला हरकत नाही. पाठीवर पंप, तोंडाला मास्क, आणि तासाभराने दार उघडलं की केरसुणीने गोळा करावे लागतील इतके मेलेले. मी ते काम नीट करतो. ढेकणांनी फोडून काढलेली तान्ही पोरं पाहिली आहेत मी. कुणीतरी ते करायला हवंच, आणि मला त्याची लाज वाटत नाही. पण चिमीसमोर बसून हे सांगायचं म्हटलं की पाचावर धारण बसते. ती मुंगी ओलांडून चालणारी पोरगी आहे. माझ्याकडे ती पुन्हा अशी बघेल का, एवढीच भीती.

ही म्हणाली, "सांगून टाका. तीस पोरांपुढे हिरवा डबा घेऊन जाणार आहात का?"

म्हटलं सांगतो, वेळ बघून.

६ मार्च, गुरुवार

फुटली! सकाळी सात वाजता पाच, दुपारपर्यंत नऊच्या नऊ! जन्मल्यावर पहिलं काम काय केलं असेल? आपल्याच अंड्याचं टरफल खाऊन टाकलं. चिमी एका पायात बूट घालून तशीच कुंडीपाशी बसली होती, दुसरा बूट हिने येऊन घातला.

दिसायला मात्र अळ्या पाखराच्या शिटेसारख्या. तपकिरी, मधे पांढरा डाग. "असं दिसलं की पाखरं यांना खात नाहीत," मी सांगितलं. चिमीने थोडा विचार केला आणि म्हणाली, "हुशार आहेत. पण मला नाही असं जगायला आवडणार."

९ मार्च, रविवार

आज मुंग्यांची परीक्षा. वरच्या मजल्यावरच्या जुळ्या आल्या होत्या, चिमीच्याच वर्गात आहेत. जिन्याखाली पुठ्ठ्यावर तीन थेंब ठेवले — साखरेचं पाणी, मिठाचं पाणी, साधं पाणी. आधी अंदाज लिहायचा, मग बघायचं. एक जुळी म्हणाली साखर. दुसरी म्हणाली साखर. चिमी म्हणाली, "आधी कुणाला तरी सापडायला तर हवी."

बरोबर! पहिली मुंगी बारा मिनिटं नुसती भटकत होती. मग साखर सापडली, तोंड लावलं, आणि बाई उलट्या पावली घरी. सतराव्या मिनिटाला रांग! मग मी बोट ओलं करून रांगेवरून आडवं फिरवलं. झालं, अलीकडच्या अलीकडे, पलीकडच्या पलीकडे, सगळ्यांची एकच धांदल. "वाटेवर वास सोडत जातात," मी म्हणालो, "तो मी पुसला."

हे मला कामामुळे माहीत. रांग कुठून येते ते शोधलं की वारूळ सापडतं, आणि वारूळ सापडलं की आमचं काम संपतं. तुटलेली रांग परत कशी जुळते हे बघायला मी कधी थांबलोच नव्हतो. चार मिनिटं लागली. एक मुंगी धीर करून ओल्या पट्ट्यातून पार झाली, मग दुसरी, मग सगळ्या. मी टाळ्या वाजवल्या. पोरी माझ्याकडे बघत राहिल्या.

११ मार्च, मंगळवार

कुंडीतल्या लिंबाची कोवळी पानं संपत आली. नऊ तोंडं आहेत, गंमत नाही! आज ज्या घरी काम होतं त्यांच्या अंगणात लिंबाचं झाड होतं. मालकीणबाईंना दोनदा विचारलं, याच्यावर कधी काही मारलंय का? कधीच नाही, म्हणाल्या. मला विचारायचं कळतं! मूठभर कोवळी पानं तोडून शर्टाच्या खिशात घातली. माझा जोडीदार पंप धूत होता, म्हणाला, "सासुरवाडीला भेट नेताय वाटतं."

घरी आल्यावर दाराशीच शर्ट-पँट निळ्या बादलीत, मग कोपरापर्यंत हात धुणं. कामाचे कपडे घरात आणायचे नाहीत हा लग्नापासूनचा हिचा नियम. सगळं झालं, मगच पानं कुंडीवर ठेवली. सगळ्यात जवळच्या दोघी लगेच तुटून पडल्या.

१२ मार्च, बुधवार

दोन मेल्या. नव्या पानावर आखडून पडल्या होत्या.

चिमी रडली नाही. मी म्हणालो, "अगं, निसर्गात असंच असतं. सगळ्याच जगल्या असत्या तर झाडांना पान उरलं नसतं." तिने कालची उरलेली पानं चिमट्याने उचलून केरात टाकली आणि वही घेऊन बसली. शाळेची वेळ झाली तरी लिहीत होती. मलाही दिवसभर चुकल्यासारखं वाटत राहिलं.

१४ मार्च, शुक्रवार

आज घरात प्रयोगशाळा उघडली! काचेच्या दोन मोठ्या बरण्या. एकीवर अ, दुसरीवर ब. ही गणवेशाच्या कारखान्यात शिवायला जाते, तिथली उरलेली जाळी आणून तिने दोन्हींना इलॅस्टिकच्या टोप्या शिवल्या. उरलेल्या सात अळ्यांपैकी अ मध्ये दोन, ब मध्ये पाच.

"ही कसली वाटणी?" मी विचारलं.

"प्रयोग आहे."

"कसला?"

"ते संपल्यावर सांगतात."

ब बरणीवर चिठ्ठी चिकटवली आहे — ब बरणीला हात लावायचा नाही. खाली बारीक अक्षरात, आईने पण. अ ला पानं मी आणायची. ब ला ती आणणार, शाळेच्या फाटकाशी लिंबू आहे, माळीकाकांना विचारून ठेवलंय म्हणे. म्हटलं, म्हणजे बापाशी स्पर्धा? "हो," म्हणाली. तोंडावरची रेषही हलली नाही. ठीक आहे, लागली पैज!

१५ मार्च, शनिवार

सुट्टी. सकाळी पिशवी घेऊन बाजारामागच्या मैदानात गेलो, झाडाच्या शेंड्याची पानं आणली, एकदम लुसलुशीत. अ मधल्या दोघींनी दुपारपर्यंत फडशा पाडला. चिमी येऊन बघून गेली, परत आली, परत बघून गेली. मग तिने विचारलं, "बाबा, हा घरातला शर्ट घालूनच गेला होतास ना?" म्हटलं, मग काय सूट घालून जाऊ? हसली आणि लिहायला गेली.

१६ मार्च, रविवार

आज धमाल! इमारतीच्या बागेत झुडपाखाली छत्री उलटी धरायची आणि फांदी हलवायची. हिची पांढरी छत्री, न विचारता घेतली. पहिल्याच झटक्यात छत्रीत अठ्ठावीस जण पडले! कोळी, ढालकिडे, नाकतोड्याची पिल्लं, आणि एक कुणीतरी हिरवा पारदर्शक, ज्याचं नाव मलाही माहीत नव्हतं. मला माहीत नाही म्हटल्यावर पोरींना फारच आनंद झाला.

मग बाटलीला दोन नळ्या लावून किडे ओढून घ्यायची 'ओढणी' केली. एका नळीच्या टोकाला जाळी, ती तोंडात धरायची. दुसरी किड्याजवळ न्यायची आणि ओढायचं, किडा बाटलीत. "जाळीवाली नळी तोंडात," तीनदा बजावून सांगितलं. मग करून दाखवताना मीच उलटी धरली. मुंगीची चव आंबट असते. नोंद झाली आहे, पोरींच्या तिन्ही वह्यांत.

शेवटी थोरल्या जुळीने विचारलंच. "काका, तुम्ही कामावर पकडलेले किडे कुठल्या रानात सोडता?"

माझी बोबडी वळली. "लांब आहे," म्हणालो.

"बसने जाता?"

चिमी मधेच म्हणाली, "तो रविवारी कामाचं बोलत नाही. तो बघ, तुझ्या बाहीवर चढतोय." जुळी किंचाळली आणि विषय तिथेच राहिला. जीव भांड्यात पडला माझा. असाच अकरा तारखेलाही कुणाच्या तरी बाहीवर किडा चढेल अशी आशा करावी काय!

१८ मार्च, मंगळवार

एका घरी खिडकीच्या चौकटीत कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं, ते काढायला बोलावलं होतं. तेवढ्यात माशीबाई आल्या! पायात हिरवी अळी, आपल्यापेक्षा मोठी. अळी मेलेली नव्हती, नुसती बधिर केलेली. ती आत सरकवली, बाहेर गेली, तोंडात ओला चिखल घेऊन आली आणि दार लिंपलं. आत तिचं पोर, आणि पोराच्या उशाशी शिदोरी! मी वीस मिनिटं पंप पाठीवर घेऊन तसाच उभा.

घरमालक म्हणाले, "मारायला बोलावलंय की बघायला?" मी त्यांनाही दाखवलं. ही उगाच चावत नाही, पोर उडून गेलं की घर रिकामं होतं, तेव्हा खरवडून काढा, असं सांगितलं. ते खुर्ची घेऊन बसले. जोडीदार खाली गाडीत वाट बघून कंटाळला. म्हणाला, "तुम्ही असे बिघडलात तर आपलं कसं व्हायचं?"

२० मार्च, गुरुवार

अळ्या हिरव्या झाल्या! शिटेचा वेश टाकला आणि एकदम पोपटी. आणि डिवचलं की डोक्यामागून दोन लाल शिंगं बाहेर येतात, ओली, आणि काय तो वास! चिमीने ब मधलीला काडीने एकदाच डिवचलं, मग तिला सॉरी म्हणाली. मी अ मधलीला तीनदा डिवचलं. मोठं कोण आणि लहान कोण, काही कळत नाही.

२१ मार्च, शुक्रवार

अंगणात लिंबू असलेल्या त्याच घरी आज दुसरी फवारणी होती. लिंबाला नवी पालवी! खिसा भरून आणली. पैज मी जिंकणार.

२२ मार्च, शनिवार

सकाळी अ बरणीपाशी गेलो. दोघी तोंडातून हिरवं पाणी टाकत होत्या. अंगाला पीळ, मग झटके, मग थांबायचं, मग परत झटके. हे काय आहे ते मला कुणी सांगायला नको. रोज बघतो.

खिसा! त्या खिशात मी हातमोजे कोंबतो, पंपाची तोटी ठेवतो, नळी पुसलेलं फडकं ठेवतो. शर्ट धुतला तरी शिवणीतलं जात नाही, हे नव्या पोरांना मीच शिकवतो. झाड स्वच्छ. हात स्वच्छ. आणि पानं त्या खिशात! म्हणजे बारा तारखेच्या त्या दोघीही माझ्याच. आणि मी वर तोंड करून निसर्ग सांगितला तिला.

चिमी दात घासत आली. बरणीत बघितलं. मी म्हणालो, "ऊन लागलं असेल गं त्यांना."

"असेल," ती म्हणाली. लगेच. कुठून ऊन, कधी ऊन, काही नाही. एरवी चौकशा करून माझ्या नाकी नऊ आणणारी पोरगी! त्या क्षणी मला हायसं वाटलं, आणि मग स्वतःचाच राग आला.

हिला सगळं सांगितलं. तिने शिवण खाली ठेवलं. "मला अळ्यांचं कळत नाही. पण पोरीला तुम्ही दोनदा फसवलंत. तिसऱ्यांदा मी गप्प बसणार नाही." मग उठली, निळ्या बादलीतून माझा शर्ट काढला, हातमोजे घालून धुतला, वाळल्यावर दोन्ही खिसे दोऱ्याने शिवून टाकले. आता पेनही राहत नाही.

२३ मार्च, रविवार

मला वाटलं आज चिमी काही करायचं नाही म्हणेल. तिनेच जुळ्यांना बोलावलं. ओल्या विटेखालचे राखाडी किडे, अंगाची गोळी करणारे. अर्ध्या ताटात ओला कागद, अर्ध्यात कोरडा, मधे वीस जण सोडले. दहा मिनिटांनी ओल्यात सतरा! पाय मोजले, चौदा. "म्हणजे कीटक नाहीच हा," मी म्हणालो. "कीटकाला सहा. हा खेकड्याचा भाऊबंद." जुळ्यांनी टाळ्या दिल्या.

आज सांगणार होतो. चिमी सारखी माझ्याकडे बघून हसत होती. नाही जमलं.

२७ मार्च, गुरुवार

ब मधली पहिली अळी काडीवर चढली, कमरेला रेशमाचा एकच धागा बांधला आणि मागे रेलून बसली. खिडकी पुसायला वर चढलेला माणूस बसतो तशी! शाळेतून येईपर्यंत अळी गायब, कोश तयार! चिमी बरणीभोवती नाचत होती. मी पण नाचलो. हात न लावता.

३० मार्च, रविवार

पाचही कोश. पानावरचे हिरवे, काडीवरचे तपकिरी! एकाच घरच्या पाच जणी, आणि जी जिथे बसली तिथला रंग घेतला. मला हे खरंच माहीत नव्हतं. चौदा वर्षांत मी किती कमी पाहिलं.

३ एप्रिल, गुरुवार

बाईंना चिठ्ठी लिहिली — कामामुळे अकरा तारखेला येणं जमणार नाही. ती हिच्या हातात पडली. तिने वाचली, नीट घडी घातली आणि शिवणयंत्राच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारली. "आता कसं, हलत नाही," म्हणाली. बस्स, एवढंच बोलली.

८ एप्रिल, मंगळवार

पहिलं फुलपाखरू!! सकाळी सव्वासातला कोश तडकला आणि चुरगाळलेला ओला बोळा बाहेर आला. चिमी घाबरली, "बाबा, हिचे पंख बिघडलेत." मी म्हणालो थांब. (मला तरी कुठे माहीत होतं!) बोळा काडीवर उलटा लटकला आणि पंख हळूहळू भरत गेले, मोठे, काळे, त्यावर पिवळे ठिपके, मागे एक लाल डोळा. पाऊण तास. ही कामाला जायची थांबली. तिघंही जमिनीवर. मग जाळी काढली. ते चिमीच्या कपाळावर बसलं, तिथून गॅलरी, तिथून आभाळ. माझे डोळे भरून आले, लपवले नाहीत.

१० एप्रिल, गुरुवार

काल दोन गेली, आज सकाळी एक. शेवटचा कोश संध्याकाळी काळपट झाला, आतले ठिपके दिसायला लागले. उद्या निघणार! काडीसकट वर्गात न्यायचा ठरलं.

चिमी त्याचं चित्र काढत होती. मी शेजारी बसलो आणि सांगितलं. रान नाही. डबा नाही. मी त्यांना मारतो, तेच माझं काम आहे. मग खिशाचंही सांगितलं. चारही अळ्या माझ्यामुळे गेल्या, निसर्गामुळे नाही, उन्हामुळे नाही.

ती रंगवत राहिली. मग विचारलं, "सांगायची भीती वाटत होती तुला?"

"हो."

"आता वाटतेय?"

"आता नाही."

"मग झालं," म्हणाली आणि गाल माझ्या दंडाला टेकवला. थोड्या वेळाने खोडरबर मागितला. बस्स! पाच वर्षं उराशी धरलेला धोंडा, आणि पोरीने खोडरबर मागितला! हिला स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं तर ती डोळे पुसत होती, कांदा नव्हता.

११ एप्रिल, शुक्रवार

झालं! गेलो, उभा राहिलो, सांगितलं. "मी किडे मारतो." थोरल्या जुळीने विचारलं, "मग हिरवा डबा?" म्हटलं, डबा नव्हता. मी थाप मारली होती, मुलीला वाईट वाटू नये म्हणून. मग ढेकणांचं सांगितलं, वाळवीने पोखरलेल्या दाराचं सांगितलं, आणि कुंभारमाशीचं, जिला मारायची गरज नव्हती. कुठे मारावं लागतं आणि कुठे नुसतं बघावं हे आता शिकतोय, असंही म्हणालो. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "तुम्हाला वाईट वाटतं का?" म्हटलं, आता कधीकधी वाटतं. ढेकणांचं अजूनही नाही. सगळे हसले, बाईसुद्धा.

आणि तेवढ्यात चिमी म्हणाली, "तडकला." तीस पोरं टेबलाभोवती! माझं पुढचं भाषण कुणीही ऐकलं नाही. इतकं बरं मला आजवर कुठल्याच कामात वाटलं नव्हतं.

१३ एप्रिल, रविवार

चिमीने निरीक्षणाची वही पुढ्यात ठेवली. "परवा द्यायची आहे, सही कर. आता वाचलीस तरी चालेल, प्रयोग संपला."

"१२ मार्च. दोन मेल्या. खिशातली पानं खाल्ली त्याच मेल्या. दुसरीत असताना निळ्या बादलीचं पाणी सांडलं तेव्हा मुंग्या अशाच मेल्या होत्या. हिरवा डबा नाही हे मला तेव्हाच कळलं. बाबाला सांगायचं नाही. कुणी विचारलं तर रान सांगायचं."

"१४ मार्च. सगळ्या ब मध्ये ठेवायच्या होत्या. पण मग बाबा पानं कुणासाठी आणेल? पानं आणतो तेव्हा तो खूप खूश असतो. म्हणून दोन अ मध्ये ठेवल्या. त्यांना सॉरी म्हटलं."

सही केली.